बोल की रे, काझेहाया!

जपानी शाळेत शेवटच्या बाकावर, खिडकीला लागून बसणाऱ्या मुलाला आयुष्यात काही कमी पडत नाही. वाऱ्याची झुळूक फक्त त्याच्याच खिडकीतून येते. चेरीच्या पाकळ्या त्याच्याच वहीवर पडतात. तास चालू असताना हा गालावर हात टेकून बाहेर बघत बसतो, तरी मास्तर त्याला उभं करत नाहीत. आणि निकाल लागतो तेव्हा भिंतीवरच्या यादीत पहिलं नाव त्याचंच. त्याचे केस विंचरलेले नसतात आणि विस्कटलेलेही नसतात. या दोन्हींच्या मधली एक अवस्था आहे, ती आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये मागून मिळत नाही.

हा मुलगा म्हणजे शोजो ॲनिमेचा नायक. जपानात मुलींसाठी निघणाऱ्या मासिकांतून ज्या चित्रकथा क्रमशः छापून येतात त्या शोजो मांगा, आणि त्यांच्यावर बेतलेल्या ॲनिमेशन मालिका म्हणजे शोजो ॲनिमे. 'रिबोन' 1955 पासून निघतंय, 'मार्गारेट' 1963 पासून. ही मासिकं ज्या वाचकवर्गासाठी निघतात त्यात मी कुठल्याच बाजूने बसत नाही. मी मुलगी नाही, शाळकरी नाही, जपानी नाही, आणि माझ्या नावावर गृहकर्ज आहे. तरीही रात्री जेवणं झाली की मी दिवाणखान्यातल्या टीव्हीवर हेच लावतो, आणि थोड्या वेळाने आतून बायकोचा आवाज येतो, "ओरडू नकोस, खालचे येतील परत."

ओरडल्याशिवाय ही गोष्ट बघताच येत नाही, हे तिला कसं सांगणार? रहस्यकथा बघणारा माणूस पाणी प्यायला उठायचं म्हणून पॉज करतो. शोजोचा चाहता पॉज करतो तो पुढचं सोसवणार नाही म्हणून. पडद्यावर काय घडत असतं? मुलगी मुलाच्या शर्टाच्या बाहीचं टोक दोन बोटांत धरते. हात नाही, बाही. तीही टोकाला. एवढ्यावर इकडे माणूस ताडकन उठतो, खोलीत दोन फेऱ्या मारतो, गॅलरीत जाऊन येतो, मग परत बसून रिमोटचं बटण दाबतो. 24 मिनिटांचा भाग पाऊण तासाने संपतो. त्यात उशी छातीशी धरणं, तोंडावर घेणं, आणि नायकाने तोंड उघडून परत मिटलं की भिंतीवर फेकणं हे वेगळं. आमच्या घरी दिवाणावरच्या उश्यांचे अभ्रे घरातल्या कुठल्याही कपड्यापेक्षा लवकर विरतात.

आई कधीकधी येऊन बसते. तिला सबटायटल वाचायचा कंटाळा आहे, त्यामुळे ती चित्रावरून न्याय देते आणि तो बहुधा बरोबर असतो. तिचा पहिला प्रश्न होता, "या पोरांना आईबाप नाहीत का रे?" रास्त शंका आहे. शोजोतल्या आईवडिलांना दोनच कामं असतात: परदेशी बदली होऊन जाणं, नाहीतर वारणं. 'फ्रूट्स बास्केट'ची तोहरू होंदा तर आई अपघातात गेल्यावर तंबूत राहते, आणि त्याच तंबूतून आवरून रोज शाळेत जाते. पुढे ती ज्या सोमा घराण्यात आश्रयाला जाते तिथल्या काही जणांना शाप आहे: भिन्नलिंगी माणसाने मिठी मारली की त्यांचा उंदीर, मांजर, कुत्रा असा कुठलातरी प्राणी होतो. प्रेमकथेत मिठीवर बंदी घालायची याहून पक्की सोय मला तरी ठाऊक नाही. आई म्हणाली, "चांगलंय. घरात वयात आलेली पोरं आहेत."

पण ज्या मालिकेने माझा घसा बसवला ती ही नव्हे. ती 'किमी नी तोदोके'. कारुहो शीनाची ही चित्रकथा 'बेस्सात्सु मार्गारेट'मध्ये यायची, आणि 2009च्या ऑक्टोबरात तिची ॲनिमे सुरू झाली. नायिका सावाको कुरोनुमा. लांब काळे केस, खाली मान, हसली की समोरच्याला घाम फुटावा असा चेहरा. वर्गातली मुलं तिला 'रिंग' या भयपटातल्या भुताच्या नावाने सादाको म्हणतात, आणि तिच्याकडे तीन सेकंद बघितलं तर अनिष्ट घडतं अशी शाळेत वदंता. मुलगी स्वभावाने इतकी भली, की वर्गाने रात्री भुताटकीचा खेळ ठरवला तर आपण भूत झाल्याने सगळ्यांना मजा येईल म्हणून ती आनंदाने भूत होते. आणि नायक शोता काझेहाया. सगळ्यांचा लाडका, हसतमुख, आणि पहिल्या भागापासून तिच्यावर लट्टू.

पहिल्या भागापासून! हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, त्याच्या वर्गातल्या बहुतेकांना माहीत आहे. फक्त सावाकोला माहीत नाही. तिची ठाम समजूत अशी, की काझेहाया सगळ्यांशीच चांगला वागतो, तसा माझ्याशीही वागतो. तो लाल होतो तेव्हा तिला वाटतं, उकडत असेल. तो तिच्यासाठी थांबतो तेव्हा तिला वाटतं, सज्जन आहे. 31 डिसेंबरला तिचा वाढदिवस; मैत्रिणी कट करून दोघांनाच देवळात पाठवतात; बर्फ पडतंय, मध्यरात्र होतेय, नवं वर्ष लागतंय, दोघं शेजारी उभी आहेत. मी उशी घेऊन तयार. आणि दोघं एकमेकांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा देतात, अत्यंत मनापासून.

25 भागांचं पहिलं पर्व या शुभेच्छांच्या आसपास आटोपतं. 2011 मध्ये दुसरं पर्व आलं, त्यातली गोष्ट सुरू होते व्हॅलेंटाइन डेपासून. जपानात त्या दिवशी मुलींनी मुलांना चॉकलेट द्यायचं असतं. कर्तव्याचं वेगळं, मनातलं वेगळं. सावाकोने सगळ्यांना दिलं. ज्याच्यासाठी रात्री जागून केलं होतं त्यालाच फक्त दिलं नाही. झालं. आता काझेहायाला वाटतं, मीच एकटा नकोसा. यानंतर कित्येक भाग दोघंही, आपलं प्रेम एकतर्फी असल्याची खात्री बाळगून, शाळेच्या दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांत सुस्कारे टाकतात. दोन माणसांनी एकमेकांवर मनापासून प्रेम करावं आणि एवढ्याच भांडवलावर इतकं दुःख उभं करावं, हे काम सोपं नाही. सावाकोला आवाज दिलाय मामिको नोतोने. इतका मऊ, इतका संकोची आवाज, की तिला रागावताही येत नाही. सगळा राग मग काझेहायावर निघतो. बोल की रे! काय जातं तुझं?

बोलतात, तेव्हाही ऐकू जात नाही, हा आणखी निराळा प्रकार. उन्हाळी जत्रा असते. मुलीने युकाता, म्हणजे उन्हाळी सुती किमोनो, घातलेला असतो, मुलगा तिला प्रथमच केस वर बांधलेले बघतो आणि मान फिरवतो. गर्दीत चुकामूक होते, मग ते टेकडीवर, देवळाच्या पायऱ्यांवर, जिथे बाकी कोणीच कसं काय नाही अशा जागी सापडतात. तो म्हणतो, "मी तुला..." आणि धडाड्! आकाशात फटाका. ती विचारते, "काय म्हणालास?" तो म्हणतो, "काही नाही." अरे, फटाका एक होता. सेकंदाभराचा होता. पुढचा सुटायच्या आत वाक्य परत म्हणता येतं! जत्रा नसेल तिथे फटाक्याचं काम रेल्वे करते. जपानी रेल्वेचं वेळापत्रक जगात वाखाणलं जातं. ते प्रेमाच्या कबुल्यांशी इतक्या अचूकपणे कसं जुळवलंय, याचं कौतुक मात्र कोणी करत नाही.

पाऊस आला तर नुसता येत नाही. एकच छत्री असते, मुलाचा एक खांदा भिजतो, दुसऱ्या दिवशी त्याला ताप भरतो, वर्गशिक्षक मुलीलाच त्याच्याकडे गृहपाठ पोचवायला सांगतात, घरी कोणी नसतं (बदली किंवा मृत्यू), ती पेज करून देते, तो गुंगीत तिचं मनगट धरतो, आणि बरा झाल्यावर त्याला काहीही आठवत नाही. या टप्प्याला आईचा पूर्ण पाठिंबा असतो. "पेजेत मीठ घातलं का तिने?" एवढं विचारते.

हे सगळं असं का, याचा मी बराच शोध घेतला आणि माझ्या मते यात प्रेमापेक्षा धंद्याचा भाग मोठा आहे. चित्रकथा मासिकात क्रमशः येते. वाचकांची पसंती मासिकवाले विचारत राहतात. कथा लोकांना आवडली की ती लांबते, आणि प्रेमकथा लांबवायची तर कबुली लांबवावी लागते; 'किमी नी तोदोके' 2017 पर्यंत चालली आणि तिचे 30 खंड झाले. ॲनिमे निघते ती चित्रकथा चालू असताना. प्रकाशक, वाहिनी, संगीतवाले अशा चारजणांनी पैसे घातलेले असतात, आणि त्यातल्या प्रकाशकाला आपले खंड खपायला हवे असतात. पर्व असतं तीन महिन्यांचं, बारा-तेरा भागांचं, फार तर त्याच्या दुप्पट. मग कथा अशा जागी थांबवतात की प्रेक्षकाने धापा टाकत पुस्तकाच्या दुकानात जावं. म्हणजे मी ज्याला काझेहायाचा भित्रेपणा समजून शिव्या घालत होतो तो प्रत्यक्षात हिशेबनिसांचा धीर होता. 'फ्रूट्स बास्केट'चंच बघा. 2001 मध्ये 26 भाग आले तेव्हा मूळ कथा अर्ध्यावर होती. ती 2006 मध्ये संपली. मग 2019 ते 2021 मध्ये सगळी पहिल्यापासून नव्याने काढली, 63 भागांत, आणि तेव्हा कुठे पडद्यावर शेवट झाला.

पैशाचा दुसरा परिणाम म्हणजे पाकळ्या. ॲनिमेत चित्रं हाताने काढायची, त्यामुळे प्रत्येक हालचालीला खर्च. दोन माणसं भांडायला लागली की शेकडो चित्रं लागतात. दोन माणसं एकमेकांकडे नुसती बघत राहिली तर चेहरे स्थिर ठेवून बटा तेवढ्या हलवल्या की भागतं. पार्श्वभूमीवर गुलाबी बुडबुडे आणि वरून पाकळ्या सोडल्या की चाळीस सेकंद निघतात. जगातलं सगळ्यात स्वस्त दृश्य आणि सगळ्यात रोमँटिक दृश्य एकच निघावं हा या धंद्याचा मोठा भाग्ययोग. यात ओसामू देझाकी हा दिग्दर्शक म्हणजे उस्ताद. महत्त्वाच्या क्षणी तो एकच दृश्य लागोपाठ तीनदा दाखवायचा, आणि मग चित्र गोठवून त्याचं रंगीत खडूंनी काढल्यासारखं भेटकार्ड करून टाकायचा. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आई चष्मा पुसत म्हणाली, "हे आमच्या मालिकांतून घेतलं का रे यांनी?" सासूने कप ठेवला की तीन वेळा झूम आणि तीन वेळा वीज, यावर तिचा पिंड पोसलेला. देझाकी हे सत्तरच्या दशकापासून करत होता, असं सांगितल्यावर तिला त्याच्याविषयी आदर वाटू लागला.

देझाकीने ज्या मालिकेची सूत्रं एकोणिसाव्या भागापासून हाती घेतली ती 1979ची 'रोझ ऑफ व्हर्साय'. रियोको इकेदाची मूळ कथा 1972-73ची. ऑस्कर ही सरदारकन्या, बापाने मुलगा म्हणून वाढवलेली, राणी मारी आंत्वानेतच्या रक्षकदलाची प्रमुख. तिच्यावर लहानपणापासून जीव टाकणारा आंद्रे तिच्याच घरचा नोकर. मालिका 40 भागांची. ऑस्कर आणि आंद्रे यांना एकमेकांजवळ मन मोकळं करायला तारीख कोणती मिळावी? जुलै 1789! बास्तीय पडायला एक-दोन दिवस उरलेले. दुसऱ्या दिवशी आंद्रे मरतो, तिसऱ्या दिवशी ऑस्कर. जत्रेतल्या पोरांना निदान फटाक्यांचीच अडचण होती. यांना कबुलीसाठी फ्रेंच राज्यक्रांती लागली.

कबुली झाली तरी काम संपत नाही. पुढे नाव आहे. एवढं रामायण होऊन काझेहाया तिला कुरोनुमाच म्हणतो आणि ती त्याला काझेहाया-कुन. म्हणजे दोघं एकमेकांना आडनावाने हाक मारतात, बँकेत टोकन पुकारतात तशी. आडनावावरून पहिल्या नावावर यायचं तर त्याला स्वतंत्र भाग लागतो. त्यात आरशासमोर तालीम असते, मैत्रिणींचा सल्ला असतो, ओठांचा क्लोजअप असतो. माझ्या शहरी भाचीला हे हास्यास्पद वाटतं. आईला मात्र जराही वाटत नाही. बाबांचं नाव तिने जन्मात जे काही घेतलं ते उखाण्यातच, तेही चारचौघी अडवून उभ्या राहिल्या म्हणून. सावाको नावापाशी अडखळली की आई टीव्हीकडे बघून पुटपुटते, "अगं, यमक जुळव, म्हणजे पटकन येतं तोंडात."

चाहत्यांच्या जगात आणखी एक दुखणं असतं, त्याला सेकंड लीड सिंड्रोम म्हणतात. दोन मुलं असतात. एक चिडका, उर्मट, पावसात उभा राहणारा. दुसरा समजूतदार, वेळेवर येणारा, रुमाल बाळगणारा. मुलगी कोणाची होणार हे मालिकेच्या शीर्षकचित्रातच ठरलेलं असतं, तरी आपण दुसऱ्याच्या बाजूने उभे राहतो आणि दर वेळी अनामत रक्कम जप्त करून घेतो. 'फ्रूट्स बास्केट'मध्ये मी युकीच्या पक्षात होतो. सुसंस्कृत मुलगा, राजपुत्र म्हणतात त्याला शाळेत. पन्नासाव्या भागाच्या आत तो शांतपणे कबूल करतो, की तोहरूमध्ये आपण आई शोधत होतो. आमच्या कॉलेजात अशा मुलांच्या हाताला निदान राखी बांधायला कोणीतरी पुढे यायचं. याने आपणहून थेट आईपर्यंत नेऊन प्रकरण मिटवलं!

आणि खलनायिका. 'किमी नी तोदोके'तली कुरुमी बघा. गोड चेहऱ्याने कारस्थानं करते, हे खरं. पण त्या सबंध पहिल्या पर्वात जी उठून मुलासमोर उभी राहिली, मला तू आवडतोस असं सरळ म्हणाली, नकार ऐकून घेतला, ती तेवढी एक. माझं मत विचाराल तर प्रगतिपुस्तकात शंभरपैकी शंभर कुरुमीला, आणि काझेहायाला 'प्रयत्न वाढवावा'.

सगळंच काही मी उशीला कवटाळून बघत नाही. नायक मुलीला भिंतीशी गाठून तिच्या डोक्याशेजारी धाडकन हात आपटतो, त्याला काबे-दोन म्हणतात. 2014 मध्ये तर तो शब्द जपानात वर्षातल्या पहिल्या दहा गाजलेल्या शब्दांत जाऊन बसला. मला त्या दृश्यात कायम मुलीची भीती दिसते आणि भिंतीच्या प्लॅस्टरची काळजी वाटते. 'हाना योरी दांगो'तला दोम्योजी हा श्रीमंत बापाचा पोर. कोणावर राग धरला की त्याच्या कप्प्यात लाल चिठ्ठी, आणि मग सगळ्या शाळेने त्या मुलाला छळायचं. अशा पोराला प्रेमाने सुधारायचं काम सोळा वर्षांच्या मुलीवर का टाकायचं, मुख्याध्यापक कशाला ठेवलेत? आपल्या सिनेमांनीही तिच्या नाहीचा हो करून वर्षानुवर्षं पैसे कमावले आहेत, त्यामुळे फार आवाज करायला मला तोंड नाही. पण तिथे पॉज दाबतो तो चहा टाकायला.

एवढं सोसल्यावर मी 'ओरे मोनोगातारी' लावली. 2015ची, 24 भागांची. नायक ताकेओ गोदा म्हणजे दारातून वाकून यावं लागेल असा आडदांड गडी, ओठ जाड, भुवया जाड, आवाज असा की शेजारच्या वर्गाने पुस्तकं मिटावीत. खिडकीपाशी बसणारा देखणा मुलगा इथे त्याचा मित्र आहे. रेल्वेत छेड काढणाऱ्या एकाला ताकेओ पकडतो, वाचलेली मुलगी यामातो त्याच्यावर भाळते, आणि तिसऱ्या भागात दोघांचं जमतं. तिसऱ्या! गैरसमज मिटला, दोघं बोलली, संपलं. मी उशी हातात घेऊन बसलो होतो, ती तशीच राहिली. शंका आली की भाग चुकला. पुढचे भाग बघितले, तर दोघं एकमेकांना आवडतात, तसं सांगतात, केक खातात, सुखात आहेत. आईने तेव्हा पहिल्यांदा सबटायटलसकट मालिका पाहिली. "हा मुलगा चांगला आहे," ती म्हणाली, "याच्यात दाखवायला काही नाही, तरी दाखवतात." खालच्या मजल्यावरचे त्या महिन्यात एकदाही वर आले नाहीत, उलट जिन्यात भेटल्यावर त्यांनी घरी सगळे बरे आहेत ना, असं विचारलं.

बरे नव्हतो. ओरडायची सवय झालेल्या माणसाला सुखी जोडपं किती दिवस पुरणार? 2024 मध्ये 'किमी नी तोदोके'चं तिसरं पर्व आलं तेव्हा मधल्या 13 वर्षांत मी दोन नोकऱ्या बदलल्या होत्या, आणि सावाको अजून शाळेतच होती. ते एका दमात संपवलं. आता 'गारासु नो कामेन' उघडलंय. सुझुए मिउचीची ही चित्रकथा 1976 मध्ये सुरू झाली. 49वा खंड 2012 मध्ये निघाला, त्याच्यापुढे गाडी गेलेली नाही. माया किताजिमा ही गरीब घरची नटी, आणि मासुमी हायामी हा तिच्यावर गुपचूप प्रेम करणारा तरुण उद्योगपती. तो तिला जांभळे गुलाब पाठवतो. निनावी. ती त्या अज्ञात दात्याला मनोमन पुजते आणि समोरच्या हायामीचा राग राग करते. कथा इतकी लांबली की आधी सार्वजनिक फोनवर बोलणाऱ्या पात्रांच्या हातात पुढे मोबाइल आले, पण गुलाबांबरोबरच्या कार्डावर नाव काही आलं नाही.

आईला मी हे सगळं सविस्तर सांगितलं. तिने शेंगा सोलता सोलता ऐकून घेतलं.

"कंपनीचा मालक आहे ना तो?"

"हो."

"मग दिवसभर सह्याच करत असेल की मेला. आणखी एक करायला काय होतं त्याला?"